नावावर घर नसण्याची अट

फुकट मिळालेलं घर मी परत केलं, ही गोष्ट माझ्या सासरच्या गावात अजून सांगतात आणि सांगता सांगता माझ्या डोक्याबद्दल हळूच शंका घेतात. सांगणारे बहुतेक पुरुष असतात. त्यांना अर्धीच गोष्ट ठाऊक आहे आणि उरलेली अर्धी जाणून घ्यायची त्यांना गरजही वाटत नाही. म्हणून ती मीच सांगते.

माझं माहेर धुळ्याचं, सासर साक्रीच्या पलीकडच्या एका लहान गावातलं आणि संसार जळगावात. नवरा डाळमिलमध्ये फिटर होता. मी घरी शिलाई मशीनवर शाळांचे गणवेश शिवत असे. घरी म्हणजे अर्थात दुसऱ्याच्या घरी. भाड्याच्या खोलीला मी कधी घर म्हटलं नाही, आणि कुणी म्हटलं तर मला राग यायचा.

भाड्याच्या खोलीचे नियम घरमालकाच्या तब्येतीवर चालतात, हे मी जळगावात शिकले. एकाला दुपारी झोप लागायची, म्हणून दुपारी मशीन बंद. दुसऱ्याची मुलगी दहावीला, म्हणून संध्याकाळी मशीन बंद. तिसऱ्याला मशीनचा त्रास नव्हता, पण पाण्याचा होता. नळ आला की तो ओट्यावर खुर्ची टाकून बसे आणि आमच्या बादल्यांकडे असा बघे की पाणी भरतानाच आटावं. गणवेशाचा धंदा जूनचा. शाळा उघडायच्या आधी दिवसभर मशीन चालवावंच लागे. अशा वेळी कुणी 'जरा आवाज कमी करा' म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. मशीनला काय रेडिओसारखं बटण असतं का, असं मी एकदा एका मालकाला विचारलं. पुढच्या महिन्यात आम्ही हातगाडीवर संसार लादून दुसऱ्या गल्लीत गेलो. करार अकरा महिन्यांचा असे, पण माझ्या तोंडामुळे तितकेही क्वचितच भरत.

हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटाचं. गणवेशाचे पैसे एका शाळेकडून चेकने मिळायचे, म्हणून माझं बँकेत जाणं-येणं होतं. तिथल्या भिंतीवर एके दिवशी नवीन कागद लागला. सरकारने योजना काढली होती. ज्याच्या नावावर कुठेच घर नाही त्याने खातं उघडायचं, पाच वर्षं दरमहा बचत टाकायची. पाच वर्षं पुरी झाली की साठलेल्या रकमेच्या काही पट कर्ज पहिल्या घरासाठी मिळणार, आणि व्याज इतर कर्जांपेक्षा कमी. मी तो कागद उभ्याने पुन्हा पुन्हा वाचला. आम्हाला घरासाठी कर्ज कोण देणार होतं? सरकारी नोकरांना ऑफिसातून मिळे, शेतकऱ्याला सोसायटीतून बी-खतापुरतं. डाळमिलचा फिटर आणि गणवेश शिवणारी बाई यांना सोनार सोडून कुणी दारात उभं करत नसे. इथे सरकार म्हणत होतं, तुम्ही पाच वर्षं नेट धरा, मग पुढचं आम्ही बघतो. नेट धरणं मला येत होतं.

खातं उघडायला दोघं गेलो. साहेबांनी विचारलं, "कोणाच्या नावावर?"

नवरा म्हणाला, "हिच्याच करा. माझ्या नावावर टाकलं तर पहिल्या पोळ्याला त्याचा बैल होईल."

साहेब हसले. मीही हसले, पण तो खरं बोलत होता. गावाकडून कुणी काही मागितलं तर त्याला नाही म्हणता येत नसे. मला येई.

"तुमच्या नावावर कुठे घर? घराचा हिस्सा? गावाकडे वगैरे?" साहेबांनी मला विचारलं.

"साहेब, माझ्या नावावर रेशनकार्डसुद्धा नाही," मी म्हटलं.

"मग तुम्ही अगदी योग्य माणूस," ते म्हणाले. "पण हे लक्षात ठेवा. कर्ज मागाल तेव्हाही हेच लिहून द्यावं लागेल."

त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. माझ्या नावावर घर करणारा कोण जन्माला आलाय?

बचत चालू झाली. जून-जुलैत हात मोकळा असे, दिवाळीनंतर लग्नाचे ब्लाऊज येत, पण मार्च-एप्रिल कोरडे जात. त्या दिवसांत मी फॉल-पिको केले, उशांचे अभ्रे शिवले, एका मंडपवाल्याच्या फाटलेल्या कनाती सांधल्या. महिना एकही चुकवायचा नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. नवऱ्याने बिडी सोडली. मी त्याला सोड म्हटलं नव्हतं, फक्त तो बिडी पेटवायचा तेव्हा त्याच्याकडे बघत असे.

तिसऱ्या वर्षी सासूबाई आजारी पडल्या. छातीचं दुखणं होतं. साक्रीच्या डॉक्टरने मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हटलं, म्हणून नवरा त्यांना जळगावला घेऊन आला. दवाखान्यातून सोडल्यावर त्या आमच्याच खोलीत राहिल्या. मी मशीन भिंतीकडे सरकवलं आणि त्यांची खाट खिडकीशी लावली. त्यांना माझं काम बघायला आवडायचं. मी शिवत असले की त्या पडल्या पडल्या बटणं मोजून डबीत ठेवायच्या. आमचं दोघींचं बरं जमे, कारण त्या कमी बोलत आणि मी जास्त.

घरमालकीण मात्र खोकल्याला वैतागली. आधी तिने खिडकी बंद ठेवा म्हटलं. मग नळावर वेगळी बादली लावा म्हटलं. एके सकाळी ती दारात उभी राहून मला म्हणाली, "बघा बाई, माझ्याकडे लहान मुलं आहेत. काही कमी-जास्त व्हायचं ते तुमच्या गावी होऊ द्या." खाट दारापासून हातभर अंतरावर होती. सासूबाईंनी सगळं ऐकलं. मी त्या बाईला जे बोलायचं ते बोलले आणि अजूनही त्याबद्दल मला काही वाटत नाही. पण बोलून होणार काय होतं? खोली तिची होती.

ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एवढं मोठं शहर, नी तुले एक भीत तुन्ही नही?"

मग मी त्यांना खात्याबद्दल सांगितलं. पासबुक दाखवलं. माय, अजून दोन वर्षं, मग मला कर्ज मिळेल, मग माझं घर होईल, आणि त्यात तुमची खाट अशीच खिडकीशी असेल. त्यांनी पासबुकावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हट्टच धरला की मला गावी पोचवा. आम्ही पोचवलं. त्याच थंडीत त्या गेल्या. माझ्या खोलीत त्यांना सुखाने मरूसुद्धा देता आलं नाही. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, पण त्या दिवसापासून घर माझ्यासाठी मशीनच्या आवाजापुरतं राहिलं नाही.

पुढची आखाजी आली. अक्षय्यतृतीयेला आमच्या खान्देशात आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तर त्याच्या नावाने पाण्याची घागर भरतात. सासूबाईंची ती पहिली घागर होती. मी माहेरी न जाता सासरी गेले. धाकट्या जावेने चुलीवर खापर ठेवून पुरणाचे मांडे केले होते. भाऊबंद जेवायला बसले होते. मी आमरस वाढत होते.

आबा, म्हणजे माझे सासरे, ताटावरून उठले नाहीत. बसल्या बसल्याच म्हणाले, "आजथीन हाई घर मोठी सूनना नावावर शे. ग्रामपंचायतमा मी कागद करी उनू."

आबा माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "तुन्ही सासू सांगी गयी व्हती. पोरले घर नही, ती घरसाठे पैसा जमाडस. आते जमाडानं काम नही."

आमच्या त्या गावात बाईच्या नावावर घर नव्हतं. शेत नव्हतं, विहीर नव्हती, गोठाही नव्हता. विधवा झाली तरी मुलाच्या नावावर होई. आणि हा म्हातारा चारचौघांत, बायकोच्या घागरीसमोर, सुनेला घर देत होता. दोन मुलगे जिवंत असताना. भाऊबंद एकमेकांकडे बघून गालात हसले. दीर मान खाली घालून मांडा मोडत राहिला. मला रडू आलं, आणि ते आनंदाचंच होतं, हे मी आधी सांगून टाकते. माझा एवढा मान माझ्या वडिलांनीही केला नव्हता.

पण त्याच क्षणी माझ्या कानात बँकेतल्या साहेबांचा आवाज आला. तुमच्या नावावर कुठे घर? गावाकडे वगैरे?

मी आबांच्या पाया पडले आणि पुन्हा आमरस वाढायला लागले.

परतीच्या एसटीत नवऱ्याला सांगितलं. त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. धुळे आलं तेव्हा म्हणाला, "बोलायचंच नाही कुठे. जळगावची बँक काय साक्रीपलीकडे बघायला जाणार आहे?"

"बँक नाही जाणार," मी म्हटलं, "पण मी जाते ना दर दिवाळीला."

"मग कागदावर काय लिहायचं ते लिहायचं."

"चार वर्षं कनाती सांधून पैसे टाकले ते शेवटी खोटं लिहायला? आणि उद्या कुणी काढलं बाहेर तर? तुमचेच भाऊबंद काढतील. त्यांचं हसणं बघितलं ना?"

पारोळ्याजवळ बस थांबली तेव्हा त्याने पेरू आणले आणि मला मोठा दिला. आमच्यात हार मानायची ती पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. मनात एक चोरटी आशा होती की गावठाणातलं मातीचं घर ते घर धरत नसतील. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. घर ते घर, म्हणाले. मातीचं असो की सिमेंटचं. योजना ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी आहे. साठलेले पैसे व्याजासकट परत मिळतील, कर्ज मिळणार नाही. मुदत संपायच्या आत घर नावावरून गेलं तर गोष्ट वेगळी.

त्या गावातल्या घरात मी राहू शकत नव्हते. तिथे ना डाळमिल, ना शाळांचे गणवेश. शिवाय ते आधीपासून धाकट्या जावेच्या हातावर उभं होतं. आबांनी मला घर दिलं होतं आणि त्या देण्यानेच माझं घर बुडत होतं. त्यांचा मान ठेवला तर जन्मभर हातगाडी, आणि घर परत केलं तर त्या म्हाताऱ्याचा गावात पचका. मी रात्रभर वगैरे जागले नाही. दोन्ही बाजू मला स्वच्छ दिसत होत्या. फक्त आबांसमोर उभं राहायचं होतं.

मे महिना संपत आला तेव्हा मी एकटी गेले. नवऱ्याला मुद्दाम नेलं नाही. तो आबांसमोर माझी बाजू घेईल की पेरू आणेल, याची मला खात्री नव्हती.

आबा ओट्यावर दोर वळत बसले होते. मी पाणी दिलं, खाली बसले आणि सगळं सांगितलं. योजना, पाच वर्षं, अट. मग म्हटलं, "आबा, तुम्ही दिलं ते मला पोचलं. पण हे घर माझ्या नावावरून काढा."

त्यांचा हात थांबला. "लोके घरसाठे कोर्टमा जातस," ते म्हणाले, "नी तू दिन्हेल घर परत करस? तुले मन्हं घर लहान पडनं का?"

"लहान नाही पडलं. माझं घर मला माझ्या कामाच्या गावी हवंय. मायला मी तसं बोलले होते."

"तुन्ही सासूनीच हाई घर तुले देवाले सांगं व्हतं."

"त्यांनी मला घर मिळावं म्हटलं होतं, आबा. हे घर माझ्याकडे राहिलं तर मला घर मिळत नाही."

आता हे कुणालाही उलटसुलट वाटेल. आबांनाही वाटलं. त्यांनी दोर बाजूला टाकला. एवढ्यात दीर गोठ्यातून बाहेर आला. तो सगळं ऐकत होता, हे उघड होतं.

"वहिनी बराबर सांगी ऱ्हायनी, आबा," तो म्हणाला. "मन्हा नावावर करी टाका. कटकट मिटी जाई."

मी येताना एवढंच ठरवून आले होते की घर नावावरून काढायचं. पुढचं ठरवलं नव्हतं. पण दिराचा तो चेहरा, जणू घर त्याच्या ताटात परत वाढलं गेलंय असा, तो बघितला आणि माझ्यातली खाष्ट बाई जागी झाली.

"तुमच्या नाही, भाऊ," मी म्हटलं. "धाकटीच्या नावावर करायचं. तसं असेल तरच मी सही देते."

धाकटी दारात शेणाने सारवत होती. ती दचकून उठली. "मले नको वं बाई. घर नावावर उनं का भांडण बी नावावर येस."

"भांडण तुझ्या नावावर आधीच आहे," मी म्हटलं. "नुसतं भांडणच कशाला ठेवतेस?"

आबा उठून शेताकडे निघून गेले. दीर माझ्याशी बोलेना. धाकटी रागावली की घाबरली, ते तिलाच कळेना. मी सांगितलं की आबा हो म्हणेपर्यंत मी इथेच आहे. जळगावात जूनचे गणवेश कापून पडले होते, शाळेचा माणूस फेऱ्या मारत असणार, आणि मी तिथे ठिय्या मारून बसले.

पावसाळा तोंडावर आला होता. आमच्याकडची घरं धाब्याची, म्हणजे वर सपाट मातीचं छत. दरवर्षी पावसाआधी त्यावर खारी नावाची पांढरट माती पसरून, पाणी मारून, चोपून बसवावी लागते. नाही बसवली तर पहिल्या पावसात घर आतून गळतं. अंगणात खारीचा ढीग येऊन पडला होता. धाकटी दरवर्षी एकटीच ते काम करत होती. सासूबाई होत्या तेव्हा त्या खालून पाट्या भरून देत. मी पदर खोचला आणि पाट्या वर चढवायला लागले. मग शिडी चढून मीही वर गेले. दोघी चोपण्या घेऊन माती बसवत होतो. ऊन रणरणत होतं. धाकटी मला कुठे ओल धरते, छताखालच्या कुठल्या लाकडी सऱ्यावर माती जड टाकायची नाही, कुठल्या कोपऱ्यातून मागच्या वर्षी गळलं, हे सांगत होती. बोलता बोलता तिचा राग उतरला. तिला त्या घराचा वीत न् वीत ठाऊक होता.

आबा शेतातून परत आले ते आम्हाला दिसले. अंगणात थांबून त्यांनी वर बघितलं. दीर ओट्यावर पंचा तोंडावर टाकून झोपला होता. आबांनी एकदा वर बघितलं आणि एकदा ओट्यावर. मग आत गेले.

संध्याकाळी जेवताना धाकटीला म्हणाले, "सकाय तयार ऱ्हा. ग्रामपंचायतमा जावानं शे." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाने कागद वाचला आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, "आबा, आधी थोरली, आता धाकटी. तुमच्या घराला पुरुषांचं वावडं आहे का?"

आबा म्हणाले, "माणसस्ले धाबावर चढानी लाज वाटस."

मी सही केली. धाकटीने तिचं नाव सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहिलं आणि लिहून झाल्यावर बोट शाईने माखलं म्हणून पदराला पुसलं. बाहेर आल्यावर ती माझ्या दंडाला धरून चालत होती. आबा पुढे चालत होते. माझी एसटी निघेपर्यंत ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. मी पाया पडले तर हात वर केला, एवढंच. मला ते फार लागलं. मी चुकले नव्हते आणि तेही चुकले नव्हते, त्यामुळे भांडायलाही कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षभरात आखाजीला गेले, दिवाळीला गेले. आबा माझ्या हातचं जेवत, पण माझ्याशी काही बोलायचं असलं तर धाकटीच्या पोराला सांगत. गावात म्हणत की थोरलीला शहराचं वारं लागलं. धाकटीची मात्र गंमत झाली होती. दिराला विहिरीवर मोटर बसवायला कर्ज काढायचं होतं, आणि घर तारण ठेवायचं तर तिची सही लागणार होती. तिने त्याला दोन दिवस तंगवलं. आधी मोटरवर किती पाणी निघेल ते विचारलं, मग हप्ता कुठून देणार ते विचारलं, मग म्हणाली, विचार करी सांगसू. हे मला सांगताना तिचा ऊर भरून आला होता, आणि मला हसू आवरत नव्हतं.

पाच वर्षं पुरी झाली. बँकेत मी लिहून दिलं की माझ्या नावावर कुठेही घर नाही. तेव्हा मला खूप बरं वाटलं असं म्हणणं खोटं होईल. मला आबांचा थांबलेला हात आठवला. पण जे लिहिलं ते खरं होतं, आणि साहेबांच्या डोळ्याला डोळा देऊन मी ते लिहिलं.

कर्ज मंजूर झालं. जळगावच्या बाहेर, जिथे तेव्हा रस्त्यापेक्षा कापसाची शेतं जास्त होती, तिथे एक लहानसा प्लॉट घेतला. पाया खणताना मी रोज जाऊन उभी राहायची. गवंडी वैतागून म्हणाला, बाई, तुम्ही नजर लावली तर भिंत वाकडी होईल. मी म्हटलं, तुम्ही ओळंबा लावा, म्हणजे माझी नजर लागणार नाही. दोन खोल्या, पुढे छोटा ओटा, वर सिमेंटचा स्लॅब. एका खोलीत खिडकीपाशी मशीनची जागा केली. तिथे मशीन ठेवलं त्या दुपारी मी दारं सताड उघडी टाकून मुद्दाम तास-दोन तास चालवलं. शिवायला काही नव्हतं. चिंध्याच एकाला एक जोडत बसले.

वास्तूला गावाकडे निरोप धाडला. आबा येतील असं मला वाटलं नव्हतं. नवऱ्याने दोनदा सांगितलं, मन लहान करून घेऊ नकोस. मी म्हटलं, नाही घेत. पण सकाळपासून प्रत्येक एसटीच्या वेळेला माझे कान रस्त्याकडे लागत होते.

दुपारी दीर आणि धाकटी आले. धाकटी थेट आत आली, भिंतींना हात लावून बघितलं, मग स्लॅबकडे वर बघत म्हणाली, "हाऊ गळत नही का?" मी नाही म्हटलं. "मंग तू पावसायामा काय करशी?" तिने विचारलं. मी तिला मिठी मारली. मग ती हळूच म्हणाली, "आबा उनात. बाहेर उभा शेत."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. आबा खरंच आले होते. पांढरा धोतर-सदरा, डोक्याला धुतलेली टोपी, हातात काठी. रस्त्याच्या कडेला उरलेल्या वाळूच्या ढिगापाशी उभे होते. नवरा त्यांच्याजवळ जाऊन म्हणत होता, "आबा, ऊन केवढं शे. घरमा या ना." ते हलले नाहीत. दीर गेला. "आबा, चाला." ते हलले नाहीत. पाहुणे खुसुखुसू बोलायला लागले. एवढ्या लांब येऊन, सगळ्यांसमोर, दाराबाहेरून परत जायचं त्यांनी ठरवलं असेल तर? त्यांना तो हक्क होता. मीही त्यांचं घर चारचौघांत परत केलं होतं.

नवरा पुन्हा म्हणाला, "आबा, किती येळ उभा ऱ्हाशात? या ना."

आबांनी काठी वाळूत रोवली. "तू काबर बलाई ऱ्हायना?" ते त्याला म्हणाले. "हाई घर तुन्हं शे का?"

नवरा गोंधळला. "नही, आबा. तिन्हं शे."

"मंग जिन्हं घर शे ती बलाई, तव्हय मी येसू."

मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर धावले. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो सावरायला हात स्वच्छ नव्हते. आबा माझ्याकडे बघत होते. त्या पंचायतीच्या दिवसानंतर पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. माझ्या तोंडात बोलणं कधी अडकत नाही, पण त्या वेळी अडकलं. जळगावात एवढी वर्षं राहून हे वाक्य मी कुणालाही म्हटलं नव्हतं.

"आबा," मी म्हटलं, "माझ्या घरी या."

त्यांनी जोडे काढले, ओट्यावर नीट एका बाजूला ठेवले, आणि आत आले.